गाजर गवत उपटा, पण फुलोऱ्याआधी

गाजर गवत हाताने उपटणे ही फोटोपुरती हौस, त्यापेक्षा तणनाशक फवारा, हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. पोरे खेळतात त्या बागेत विष कशाला? १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदलेले हे तण आज दुसरबीडसारख्या गावांतही बांधापासून शाळेच्या कुंपणापर्यंत माजले आहे. एकेक झाड हजारो बिया टाकते. श्रमदान चुकत नाही, वेळ चुकते. पांढरी फुले आल्यावर पुढारी जागे होतात आणि उपटताना बी तिथेच झडते. ओल्या मातीत, फुलाआधी, हातमोजे घालून मुळासकट काढावे; दमेकऱ्यांनी लांबच राहावे. रिकाम्या जागी तरोटा वाढू द्यावा, तो याला दाबतो. ग्रामपंचायतींनी मोहीम आषाढातच लावावी.

– एक वाचक, दुसरबीड (जि. बुलढाणा)