बिझनेस मीटिंगची जागा झाली, जनरल डब्याची कधी?



रोहिणखेडच्या माणसाला रेल्वे म्हणजे मलकापूर. गावाजवळ रूळ नाही, जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलडाण्यालाही नाही. आधी एसटी किंवा काळी-पिवळी, मग प्लॅटफॉर्म, मग गाडी. पोलीस भरतीला निघालेलं पोरगं, सुरतेला कामाला जाणारं जोडपं आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेली आमची आजी, सगळ्यांची वाट हीच.

6 ऑगस्ट 2023 ला पंतप्रधानांनी देशातल्या 508 रेल्वे स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी एकाच दिवशी केली. अमृत भारत स्टेशन योजना. महाराष्ट्रातली 44 स्थानकं त्यात होती, आपल्या जिल्ह्यातली मलकापूर आणि शेगावही. चित्रं छान होती. नवी दर्शनी भिंत, रुंद पादचारी पूल, लिफ्ट, सरकते जिने. लिफ्टला आमचा विरोध नाही, तो मूर्खपणा ठरेल. गुडघे दुखणाऱ्या आजीला पूल चढवताना आम्हीच तिला दोन्ही बाजूंनी धरलेलं आहे. पण त्याच योजनेच्या सरकारी पत्रकात 'एक्झिक्युटिव्ह लाउंज' आहे आणि बिझनेस मीटिंगसाठी राखीव जागाही आहे. मलकापूरला उतरून कोणाची बिझनेस मीटिंग भरणार आहे, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

आता स्थानकाकडून गाडीकडे या. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या नावाखाली देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्या वेळी ते समजण्यासारखं होतं. मग गाड्या हळूहळू परत आल्या त्या 'स्पेशल' होऊन. पॅसेंजरचं किमान तिकीट 10 रुपये होतं, ते एक्स्प्रेसच्या हिशेबाने 30 झालं. डबे तेच, बाकं तीच, साइडिंगला पडून राहणंही तेच. पैसे तिप्पट. जनरल डब्यातसुद्धा काही काळ आरक्षण लागायचं. म्हणजे ज्याच्याकडे उद्याचा भरवसा नाही त्याने प्रवासाची तारीख आधी ठरवायची! जुने दर परत यायला फेब्रुवारी 2024 उजाडला, लोकसभा निवडणूक तोंडावर आली तेव्हा. ज्येष्ठ नागरिकांची सवलत, पुरुषांना 40 टक्के आणि बायांना 50 टक्के, मार्च 2020 मध्ये काढली गेली. निवडणूक झाली, ती काही परत आली नाही. म्हणजे आजीसाठी लिफ्ट आहे, पण लिफ्टने वर गेल्यावर तिकीट पूर्ण.

कोणी म्हणेल, यात जात कुठे आली? रेल्वे सगळ्यांची आहे. ही भाषा आम्हाला नवी नाही.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं बाबासाहेबांनी जिथे सांगितलं तीच ही परिषद. त्या भाषणाचा एवढाच भाग आपण पोस्टरवर छापतो. पण बाबासाहेबांनी तिथे नोकरीचा हिशेबही मांडला होता. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि त्या घरात अस्पृश्य चालत नाही. रूळ ठोकायला चालतो, घागर उचलायला नाही. जी.आय.पी. म्हणजे मलकापूरवरून नागपूरपर्यंत 1867 मध्ये रूळ नेणारी तीच कंपनी.

आज कोणी घरात येऊ नको म्हणत नाही. आज निविदा निघते. चकचकीत स्थानकाची साफसफाई ठेकेदाराकडे जाते, आणि ठेक्यात आरक्षणाचा रकाना नसतो. झाडू कोणाच्या हातात आहे ते पाहायला सर्वेक्षण लागत नाही, प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. संविधानाच्या कलम 16(4) ने ज्या नोकरीत आरक्षणाला वाट दिली होती, ती अशी पुनर्विकासात विरघळते.

रूळ कोणासाठी पडतात हेही आपल्या जिल्ह्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. जलंब ते खामगाव हा जेमतेम 13 किलोमीटरचा फाटा 1870 मध्ये झाला, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. कशासाठी? कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जायचा होता, म्हणून 13 किलोमीटरसाठी व्हाइसरॉय. आणि खामगाव–जालना मार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची. सर्वेक्षणं झाली, राज्य सरकारने निम्मा खर्च उचलायचं मान्य केलं, त्यावर गाडी काही धावली नाही. त्या वाटेवर फक्त माणसं राहतात ना. रोहिणखेडजवळून घाट चढून सुलतानांच्या फौजा दख्खनमध्ये जायच्या, इथे लढाया झाल्या. फौजेला वाट सापडते, मालाला सापडते.

6 डिसेंबरला नागपूरहून अनारक्षित विशेष गाड्या सुटतात, हे खरं आहे, आणि त्या आपल्या लोकांच्या रेट्याने सुटतात. पण उरलेल्या दिवसांचं काय? मागच्या एका प्रवासात आम्ही सात जण जनरलच्या दारात उभे होतो. एकाचा पाय पायरीवर, एकाची पिशवी दुसऱ्याच्या डोक्यावर. 1974 मध्ये तिसरा वर्ग कागदावरून गेला. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला. तिसऱ्या वर्गाचा माणूस मात्र आहे तिथेच आहे, फक्त त्याचे डबे इंजिनाजवळ आणि शेपटीला ढकललेले असतात. प्लॅटफॉर्मवर छत मधे, लिफ्ट मधे, आणि आपला डबा उन्हात. ओझं घेऊन धावायचं ते आपणच. पुनर्विकासाच्या नकाशात हे अंतर कोणी मोजलं का?

रेल्वेनेच 2024 च्या शेवटी सुमारे हजार जनरल डबे वाढवणार असं जाहीर केलं. म्हणजे डबे कमी पडतात हे मान्य आहे. मग मलकापूरला थांबणाऱ्या कोणत्या गाडीला किती डबे वाढले, हे विचारायचा हक्क आपला आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, स्वागताच्या कमानीसोबत सेल्फी काढून झाली असेल तर हे करा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, जुन्या पॅसेंजरच्या तिकिटाइतक्याच पैशांत. 2019 मध्ये मलकापूरला कोणत्या पॅसेंजर थांबत होत्या, आज कोणत्या थांबतात. प्रत्येक गाडीला जनरल डबे तेव्हा किती, आता किती. सफाईचं काम कोणत्या ठेक्यात, कामगारांना किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो का. मसुदा आम्ही तयार केला आहे. मोताळा तालुक्यातल्या प्रत्येक बुद्धविहारातून एक अर्ज, वेगळ्या नावाने, वेगळ्या सहीने. पहिला रोहिणखेडचा जातो आहे.