दुसरा प्रयोग कुठे?

प्रायोगिक महोत्सवाचा विषय निघाला की आपल्या छत्रपती संभाजीनगरातली चर्चा पाच मिनिटांत नाट्यगृहाच्या तारखांवर येते. एकनाथ रंगमंदिर मिळेल का, तापडिया मिळेल का, भाडं कोण भरणार? मग प्रायोजक, मग पाहुणे. नाटकाची पाळी सगळ्यात शेवटी.

कलावंतांचा तोटा इथे कधीच नव्हता. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग १९७३ पासून आहे. प्रशांत दळवी-चंद्रकांत कुलकर्णींची ‘जिगीषा’ याच गावातून मुंबईला गेली. तोटा आहे तो दुसऱ्या प्रयोगाचा. राज्य नाट्य स्पर्धेने साठी ओलांडली, पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून भरतो. त्यांचे उपकार आहेतच, पण एक खोडही त्यांनीच लावली: तालीम दोन महिने, प्रयोग एक. निकाल लागला की लेव्हल्स आणि फ्लॅट्स कुणाच्या तरी गच्चीवर पावसात कुजतात. आमच्या पुंडलिकनगरातल्या गच्च्याही याला अपवाद नाहीत. (तालमीही तिथेच होतात, आणि नळाला पाणी यायचा दिवस असला की निम्मी मंडळी गैरहजर!)

‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ मध्ये दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह धरलं. भाडं परवडणारं होतं, इतर संस्थांनाही दार उघडं होतं, म्हणून फसलेलं नाटक दुरुस्त होऊन पुन्हा उभं राहू शकलं. हे अठरा वर्षं चाललं. त्या मानाने आपला तीन दिवसांचा महोत्सव म्हणजे हळदीकुंकू.

आम्हाला सुचतं ते असं. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात आणि गारखेडा-पुंडलिकनगर भागातली मंगल कार्यालयं बरीचशी रिकामी असतात. शंभर खुर्च्या, चार स्पॉट, बसतील तितके प्रेक्षक. बक्षीस कुणालाच नाही. निवडलेल्या प्रत्येक नाटकाने चातुर्मासात तीन प्रयोग करायचे, पहिल्या आणि तिसऱ्यात काय बदललं ते प्रेक्षकांसमोर बोलायचं. आणि तालमीतून नाटक रचणाऱ्यांनो, संहिता प्रयोगाच्या परवानगीसाठी परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. ‘अजून लिहून झालेलं नाही’ हे कारण तिथे चालत नाही.

चातुर्मासात परवडणाऱ्या भाड्यात तारखा देणारं कार्यालय माहीत असेल तर पत्ता आणि भाडं कळवा. यादी पुढच्या अंकात छापू.