सापांच्या जोड्या आणि आपल्या पत्रिका

डॉक्टर सापांविषयी लिहितोय म्हटल्यावर तुम्हाला सर्पदंश आठवला असेल. आज विषय वेगळा आहे. परदेशात हौसेने साप पाळणारे आणि त्यांची पैदास करणारे लोक कोणत्या रंगाच्या नराची कोणत्या मादीशी जोडी लावायची, हे कसे ठरवतात ते पाहू. त्यात आपल्या घरातल्या लग्नांसाठी एक धडा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान, बिनविषारी अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो, म्हणून हे नाव. मूळचा रंग काळा-तपकिरी. १९९२ मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क यांच्याकडे पैदाशीतून पांढरे-पिवळे अल्बिनो पिल्लू जन्मले आणि या छंदाचा मोठा धंदा झाला. आज या एकाच जातीत शेकडो रंग-नक्षीचे प्रकार आहेत. त्यांना ‘मॉर्फ’ म्हणतात.

मादी तयार व्हायला साधारण तीन वर्षे लागतात. ती एका वेळी पाच-सहा अंडी देते, तीही दरवर्षी देईलच असे नाही. त्यामुळे जोडी चुकली तर वर्ष वाया. म्हणून हे लोक कातडीचा रंग पाहून थांबत नाहीत. आत कोणते जनुक आहे आणि ते कसे वागते, हे आधी विचारतात.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ‘पेस्टल’ नावाच्या प्रकारात एक प्रत बदललेली असली तरी रंग उजळतो आणि दोन्ही बदललेल्या असतील तर आणखी उजळ ‘सुपर पेस्टल’ जन्मतो. अल्बिनोचे तसे नाही. ते जनुक सुप्त असते. एकच प्रत असलेला साप दिसायला अगदी साधा, पण आत जनुक बाळगून असतो. अशा वाहकाला ते ‘हेट’ म्हणतात.

दोन हेट एकत्र आले तर प्रत्येक अंड्यामागे अल्बिनो निघण्याची शक्यता २५ टक्के, वाहक निघण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त निघण्याची २५ टक्के. आता साध्या दिसणाऱ्या पिल्लांकडे पाहा. त्यांच्यात वाहक आणि मुक्त यांचे प्रमाण दोनास एक पडते. म्हणून अशा पिल्लाच्या डब्यावर चिठ्ठी लागते, ‘६६ टक्के हेट’. दिसायला साधे असले तरी ते वाहक असू शकते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितले जाते.

या धंद्याची काळी बाजूही आहे. ‘स्पायडर’ नावाचा प्रकार दिसायला फार देखणा, पण त्याच जनुकामुळे सापाचा तोल जातो, मान डगमगते, डोके वाकडे होते. अशा सापांच्या आतल्या कानाची रचनाच सदोष असल्याचे २०२२ मध्ये सीटी स्कॅनच्या अभ्यासातून दाखवले गेले. जाणकार पैदासकार दोन स्पायडरची जोडी टाळतात, कारण दोन्ही प्रती बदललेले पिल्लू जगत नाही असे ते मानतात. तरीही मागणी आहे म्हणून काहीजण ही पैदास चालू ठेवतात. मला हे चुकीचे वाटते. नक्षी माणसाला हवी असते, त्रास मात्र सापाने भोगायचा.

आता आपल्याकडे या. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे आजार अल्बिनोच्या त्याच सुप्त नियमाने चालतात. वाहक माणूस ठणठणीत असतो. फार तर थॅलेसेमिया मायनरमध्ये हिमोग्लोबिन थोडे कमी, तांबड्या पेशी लहान, आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही फरक नाही. पण वाहकाचे लग्न वाहकाशी झाले, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यतेने मूल गंभीर आजार घेऊन येते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, शिवाय साठणारे लोह काढायला रोजची औषधे. या मुलाची धडधाकट दिसणारी बहीण म्हणजे ती ६६ टक्क्यांची चिठ्ठी. तिचे लग्न ठरते तेव्हा हे तिला कोणी सांगते का?

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक घरांत आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. म्हणून तेच सुप्त जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते.

यावर कोणी म्हणेल, “डॉक्टर, माणसे म्हणजे साप नव्हेत.” अगदी बरोबर. सापांची जोडी मालक लावतो. आपली निवड आपली असते आणि तशीच राहिली पाहिजे. वाहक असणे हा दोष नाही, त्यावरून कोणाचे लग्न मोडू नये. एकच जण वाहक असेल, तर त्या जनुकामुळे मुलाला गंभीर आजार होत नाही. दोघेही वाहक असले तरी मार्ग आहेत. गर्भ राहिल्यावर दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा नमुना तपासता येतो. मात्र त्यासाठी आधी माहिती हवी.

म्हणून माझा आग्रह एवढाच. लग्नाआधी, निदान मूल होऊ देण्याआधी, दोघांनीही सीबीसी आणि एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या. दोघांचीही, कारण एक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबांनी आणि विदर्भ, नंदुरबारकडच्या आदिवासी भागातल्या मंडळींनी तर टाळूच नये. सिकलसेलसाठी २०२३ पासून राष्ट्रीय अभियान सुरू आहे, जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. घरात आजारी मूल असेल, तर त्याच्या भावंडांना, काका-मामांच्या मुलांनाही तपासायला सांगा. पत्रिका पाहायची तर खुशाल पाहा, पण तिच्यासोबत हा रिपोर्टही ठेवा.