हसताना हनुवटी पुढे येते?

मैत्रिणींनो, या वेळच्या पत्रांत एका आईचं पत्र आहे, त्यालाच सगळी जागा देते. मुलगी २२ वर्षांची, शिकलेली, नाकीडोळी नीटस. स्थळांसाठी फोटो काढायला गेली, तर फोटोग्राफर म्हणाला, "ताई, जरा कमी हसा, हनुवटी टोकदार येते." तेव्हापासून ती घरातसुद्धा हसताना ओढणी तोंडाशी नेते. पार्लरवाल्या बाई म्हणतात, एक इंजेक्शन घेतलं की झालं. मामा म्हणतात, हाड घासून घ्या, एकदाच काय ते होऊन जाईल. आई विचारते, यातलं कुठलं करू?

ताई, तूर्त यातलं कुठलंच नको. आधी पुढे काय येतं ते पाहा. हाड, स्नायू की दात? तिन्हींचे उपाय अगदी निरनिराळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला, तर आहे त्याहून बिघडतं.

घरच्या घरी एवढं करा. लेकीला खिडकीपाशी उजेडात बसवा, ओठ सैल मिटायला सांगा आणि बाजूने बघा. न हसताही हनुवटी खालच्या ओठाच्या बरीच पुढे असेल, तर मामला हाडाचा. न हसता चेहरा छान दिसतो आणि हसल्यावरच टोक येतं, तर तो स्नायूंचा आणि वरच्या मांसाचा खेळ. मग दाढा मिटायला सांगा. वरचे पुढचे दात खालच्यांवर थोडे यायला हवेत. खालचे दात पुढे येत असतील, तर जबड्यांचाच मेळ बसलेला नाही.

आणि हो, मोबाइलवर हात लांब करून काढलेल्या फोटोवरून काही ठरवू नका. जवळून काढला की लेन्सपुढे जे येईल ते मोठं दिसतं, आणि फोन खाली धरला तर हनुवटी. चार-पाच फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून कुणाला तरी काढायला सांगा. निम्मी काळजी तिथेच मिटते, बरं का!

तुमच्या पत्रावरून मला तरी हा स्नायूंचा प्रकार वाटतो. हनुवटीत दोन छोटे स्नायू असतात, मेंटॅलिस म्हणतात त्यांना. रडू येताना हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात ना, ते यांचंच काम. हसताना ओठांचे कोपरे वर आणि बाजूला ओढले जातात, हनुवटीवरचं मांस हाडावर ताणून पातळ होतं. त्यातच हे स्नायू आवळले, की टोक उठून दिसतं. काहीजणींचं मांस हसताना उलट खाली घसरतं.

आता मामांचं हाड घासणं. उशी लहान केली आणि अभ्रा तोच ठेवला, तर काय होईल? लोंबेल. हनुवटीचं तसंच. नुसतं हाड घासलं, तर वरचं मांस आणि कातडी सैल पडून खाली ओघळू शकते, आणि हसताना ती जास्तच दिसते. इंग्रजीत डॉक्टर त्याला चक्क चेटकिणीची हनुवटी म्हणतात! हसतानाच दिसणाऱ्या हनुवटीवर हा उपाय म्हणजे दुखणं एक नि औषध भलतंच.

हाड खरोखरच मोठं असेल, तर जीनिओप्लास्टी नावाची शस्त्रक्रिया असते. खालच्या ओठाच्या आतून छेद घेऊन हनुवटीचं हाड कापतात, मागे सरकवतात आणि पट्टी व स्क्रूने बसवतात. बाहेर व्रण दिसत नाही. पण सूज उतरायला काही आठवडे लागतात, ओठ आणि हनुवटी बधिर राहते. बहुतेकींची बधिरता काही महिन्यांत जाते, काहीजणींची कायम राहते. चहा ओठावर सांडला तरी कळत नाही, हे आधी ठाऊक असावं. अख्खा जबडाच पुढे असेल, तर नुसती हनुवटी मागे नेऊन भागत नाही. आधी दातांना तारा, मग जबड्याची शस्त्रक्रिया, आणि तीही वाढ पुरी थांबल्यावर.

इंजेक्शनाविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यांचा ओढा तिकडेच. ते बोटुलिनम टॉक्सिनचं, म्हणजे बोलीभाषेत बोटॉक्स. आवळणारा स्नायू त्याने सैल होतो. तीन-चार दिवसांत फरक दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता कळतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. मग पुन्हा टोचा, पुन्हा पैसे. अमेरिकेच्या औषध खात्याने २००२ साली भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला मान्यता दिली. हनुवटीसाठी मात्र डॉक्टर ते आपल्या अनुभवाच्या जोरावर वापरतात. औषध जरा बाजूला पसरलं, तर खालचा ओठ एका बाजूने नीट खाली येत नाही आणि हसू वाकडं होतं. ते आपोआप सुधारतं, पण आठवडे लागतात. म्हणून लग्नाच्या तोंडावर पहिल्यांदा हा प्रयोग मुळीच नको. दिवस गेलेले असताना, अंगावर पाजत असताना किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर नाहीच. आणि पार्लरमध्ये तर नाहीच नाही. त्या बाईंनी भुवया कोराव्यात, सुई त्वचारोगतज्ज्ञाच्या किंवा प्लॅस्टिक सर्जनच्या हातात असू द्यावी.

काहीजणींच्या खालच्या ओठाखाली खोल घडी असते, तिच्यामुळे हनुवटी गोटीसारखी वेगळी दिसते. तिथे हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर थोडंसं भरतात. ते साधारण वर्षभर टिकतं, आणि नाही आवडलं तर विरघळवता येतं. मात्र चुकून रक्तवाहिनीत गेलं, तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. विरघळवण्याचं औषध हाताशी आहे का, हे आधी डॉक्टरांना विचाराच. नुसत्या टोकावर फिलर भरणं हे लहान हनुवटीसाठी, आपल्याला नको.

डॉक्टरांकडे गेलात की लेकीला खुर्चीत मूर्तीसारखी बसवू नका. तिला बोलू द्या, हसू द्या, आणि डॉक्टरांना ते पाहायला सांगा. न हसता आणि हसताना, समोरून व बाजूने फोटो न काढताच जो उपाय सांगतो, त्याच्याकडून सरळ उठून यावं. आणि ठरवायचं लेकीने, मामांनी नव्हे. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. नववी-दहावीच्या वर्गात तोंडावर हात ठेवून हसणाऱ्या मुली मोजल्या तर पाच-सहा तरी निघतात, आणि बहुतेकींना घरातलंच कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं.

तोवर फोटोसाठी फोटोग्राफर बदला. मान उंचावू नये, हनुवटी किंचित खाली घ्यावी. केस चापूनचोपून मागे न ओढता कानांजवळ सैल ठेवावेत, टिकली जरा ठसठशीत लावावी, म्हणजे नजर वर जाते. हनुवटीच्या टोकावर पावडरची एक छटा गडद लावली तरी पुरते. तेल चोळून हाड कमी होत नाही. तोंड आवळायचे व्यायामही नकोत, त्यांनी तोच स्नायू आणखी कामाला लागतो.

या निमित्ताने दोन गोष्टी. मोठ्या वयात हनुवटी नव्याने वाढू लागली, त्यातच अंगठी घट्ट व्हायला लागली, चपलेचा नंबर वाढला, तर आधी फिजिशियनकडे जा, वाढीच्या संप्रेरकाचा दोष असू शकतो. आणि लहान मुलाचे खालचे दात वरच्यांपुढे मिटत असतील, तर 'मोठेपणी सरळ होतील' म्हणून थांबू नका. सातव्या वर्षाच्या सुमारास दातांच्या तारांच्या डॉक्टरांना दाखवा. चेहऱ्यावर लावायचा मास्क दहाव्या वर्षाच्या आत जास्त उपयोगी पडतो.

याबद्दल आणखी कुणी लिहिणार असाल, तर वय आणि दात कसे मिटतात तेवढं जरूर कळवा. फोटो मात्र पाठवू नका, मी डॉक्टर नाही.