नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये

नळाला पाणी आलं नाही, गटार तुंबलं, रस्त्यावरचा दिवा गेला, की मुंबईचा माणूस पूर्वी महापालिकेत जात नसे. तो नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात जायचा. तिथे बसलेला कार्यकर्ता कोणाला तरी फोन लावायचा, "साहेबांनी सांगितलंय" एवढे दोनच शब्द बोलायचा, आणि संध्याकाळपर्यंत टँकर नाहीतर झाडूवाला दारात हजर! काम झालं की झालं. ते कोणत्या खात्यानं केलं, कोणत्या नियमानं केलं, याची चौकशी करायची गरजच कोणाला वाटत नसे.

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि ही सोयही संपली. निवडणूक झाली नाही. इतर मागासवर्गीयांचं आरक्षण, प्रभागांची संख्या २२७ की २३६, असे वाद सर्वोच्च न्यायालयात अडकून पडले आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. पुणे आणि नाशिकही त्याच महिन्यात या रांगेत आले. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, गोष्ट तर आणखी जुनी. तिथल्या नगरसेवकांची मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली होती. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या त्या शहरात पावणेसहा वर्षं लोकांनी पाण्यासाठी कोणाच्या दारात जायचं? राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी.

वास्तविक राज्यघटनेत याबद्दल जराही संदिग्धता नाही. जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असंही सांगून ठेवलं. पण हा अनुभव एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. चेन्नईकरांनी २०१६ ते २०२२ अशी वर्षं नगरसेवकांविना काढली. बेंगळुरूच्या सभागृहाची मुदतही सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची कित्येक वर्षं तिथे निवडणूक झाली नाही.

या काळात मुंबईच्या अनेक गृहिणींना पहिल्यांदा शोध लागला, तो आपल्या पत्त्याचा! प्रभाग वेगळा आणि वॉर्ड वेगळा, हे त्यांना माहीतच नव्हतं. प्रभाग हा मतदानापुरता. असे २२७ प्रभाग आणि त्यांचे तितकेच नगरसेवक. रोजचा कारभार मात्र इंग्रजी अक्षरांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सुमारे दोन डझन वॉर्डांतून चालतो. दादर-माहीम-धारावी 'जी उत्तर', भांडुप 'एस', बोरिवली 'आर मध्य'. प्रत्येक वॉर्डाला एक सहायक आयुक्त असतो. लोक त्याला वॉर्ड ऑफिसर म्हणतात. फोनवर तक्रार सांगताना पहिला प्रश्न येतो तो "वॉर्ड कोणता?" आणि इथेच निम्मी माणसं अडखळतात.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड : खातं कोणतं? समजा, इमारतीसमोर गटार तुंबलंय. घरातलं सांडपाणी मॅनहोलमधून वर येत असेल तर ते काम मलनिःसारण खात्याचं. पावसाचं पाणी वाहून नेणारं रस्त्याकडेचं गटार असेल तर पर्जन्य जलवाहिन्यांचं. गटारातून काढलेला गाळ कडेला ढीग करून तसाच पडला असेल तर घनकचऱ्याचं. त्यावर डास झाले तर कीटकनाशक खात्याचं, आणि त्याचा वास नळाच्या पाण्याला यायला लागला तर जलकामांचं! गटार सोसायटीच्या कुंपणाच्या आत असेल तर यांपैकी कोणीच येणार नाही. तो खर्च सोसायटीचा. "बाई, हे आमच्याकडे येत नाही," असं खिडकीतला कारकून म्हणतो, तेव्हा तो दर वेळी टोलवतोच असं नाही. कधी कधी ते खरंच त्याच्याकडे येत नसतं. अशा वेळी वाद न घालता एवढंच विचारावं, "मग कोणाकडे येतं, ते खातं आणि टेबल सांगा."

रस्त्यांचं तर विचारूच नये. मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग शहराच्या मधून जातात, पण कित्येक वर्षं ते एमएमआरडीएच्या ताब्यात होते. महापालिकेकडे आले ते २०२२ च्या अखेरीस. तोवर तिथल्या खड्ड्यांबद्दल महापालिकेला शिव्या देणारे चुकीच्या दारात उभे होते.

मुंबईत १९१६ हा नंबर फिरवला की तक्रार नोंदवता येते. इंदूरसारख्या शहरात '३११' नावाचं मोबाइल अॅप आहे. इतर शहरांचीही आपापली सोय असते. पण साधन कोणतंही असो, तक्रार क्रमांक मिळेपर्यंत तक्रार झालीच नाही असं समजावं. तोंडी सांगितलेलं म्हणजे पाण्यावरची रेघ. लेखी अर्ज द्यायचा तर दोन प्रती न्याव्यात, आवक खिडकीवर एक द्यावी आणि दुसरीवर तारखेसह शिक्का मारून घ्यावा. हा पोच शिक्का मागताना पुष्कळांना उगीच संकोच वाटतो. जणू काही आपण कारकुनावर अविश्वास दाखवतोय! पण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या शिक्क्यावरच उभ्या असतात.

कारण एक गंमत नेहमी घडते. गटार तसंच वाहत असतं आणि मोबाइलवर निरोप येतो, 'आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.' कागदावर काम संपलेलं असतं. अशा वेळी नवी तक्रार करू नये. नवी केली की जुनी 'पूर्ण झालेल्या' कामांत जमा होते आणि दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात. जुन्याच क्रमांकाचा उल्लेख करून, त्या दिवशी काढलेला फोटो जोडून सहायक आयुक्तांना पत्र द्यावं.

एवढं करूनही दाद लागली नाही, तर लोकशाही दिन आहे. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरतो. त्या दिवशी नुसतं उठून जाऊन चालत नाही. ठरावीक नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. कोर्टात चालू असलेली प्रकरणं तिथे घेत नाहीत. जन्म-मृत्यूच्या दाखल्यासारखी कामं अडली असतील, तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा जास्त उपयोगी. अधिसूचित सेवांना त्यात मुदत ठरलेली आहे. ती चुकली तर वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी आयोग. दोषी अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. नुसत्या या कायद्याचं नाव अर्जात लिहिलं तरी टेबलावरची फाइल हलते, असं अनुभवी लोक सांगतात.

माहिती अधिकाराचा अर्ज बहुतेकांना ठाऊक आहे : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, शक्यतो दीडशे शब्दांच्या आत, आणि तीस दिवसांची मुदत. तेवढं थांबायचं नसेल, तर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात कार्यालयात जाऊन फायली पाहण्याची सोय आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती. २०१८ मध्ये राज्य सरकारनं ती इतर स्थानिक संस्थांनाही सांगितली. तिचा फायदा घेणारे मात्र फार थोडे.

हे झालं तक्रारीचं. पण तक्रार करायची वेळ येण्याआधीच पुष्कळ गोष्टी ठरलेल्या असतात आणि त्या छापूनही आलेल्या असतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपातल्या 'जाहीर सूचना' या चौकटीत. पुण्याच्या गृहिणी गुरुवारचं पाणी बंद असल्याची बातमी न चुकता वाचतात आणि बुधवारी रात्री पिंप भरून ठेवतात. त्याच पानावर रस्ता रुंदीकरणाच्या हरकतींची मुदत छापलेली असते, ती कोणी वाचत नाही. दारातलं झाड तोडायचं असेल तर त्याची नोटीस झाडावर लावली जाते, हरकत घ्यायची मुदतही त्यावर असते. बोभाटा होतो तो करवत चालू झाल्यावर.

वाचलं तर काय होतं, याचंही उदाहरण मुंबईतच घडलं. २०१५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं शहराचा नवा विकास आराखडा जाहीर केला. लोकांनी नकाशे उघडून आपापली गल्ली शोधली, तर उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, पुरातन वास्तूंच्या नोंदी गळलेल्या! हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा नव्यानं करायला सांगितलं आणि सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला. रहिवासी संघटनांनी, वास्तुविशारदांनी आणि साध्या सोसायट्यांनी मिळून ते घडवलं होतं.

पैशांचंही तसंच. मुंबईचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडला जातो. २०२५-२६ चा होता ७४ हजार ४२७ कोटींचा, आणि त्यावर प्रश्न विचारायला तेव्हा सभागृहच नव्हतं. पुण्यात २००६ पासून नागरिक स्वतः कामं सुचवतात. पदपथ, दिवे, बसथांबा अशी लहान लहान कामं अर्जात लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्यायची, त्यांतली काही अंदाजपत्रकात घेतली जातात. अर्जांची घोषणा अर्थातच जाहीर सूचनेतच होते.

आता नगरसेवक परत आले आहेत. संपर्क कार्यालयं उघडली, बाकडी भरली, "साहेबांनी सांगितलंय" हेही पुन्हा ऐकू येऊ लागलंय. त्यात वाईट काही नाही. आजारी माणसानं, म्हाताऱ्यानं वॉर्ड ऑफिसच्या किती पायऱ्या चढायच्या? मात्र ज्यांनी ही वर्षं खिडक्या पालथ्या घातल्या, त्यांच्याकडे आता पोच शिक्क्यांची एक जाडशी फाइल आहे. ती घेऊन बाकड्यावर बसावं. टँकर पाठवणं हे नगरसेवकाच्या कामाचं सगळ्यात लहान टोक. प्रभाग समितीत आणि सभागृहात प्रश्न विचारणं हे खरं काम, आणि अधिकारी उत्तराला बांधले जातात ते तिथेच. "अमुक क्रमांकाची तक्रार तीनदा बंद केली, गटार अजून वाहतंय, हा प्रश्न विचाराल का?" असं त्यांना विचारावं. विचारला गेला, तर त्या सभेच्या इतिवृत्ताची एक प्रत मागून घ्यावी आणि त्याच फाइलमध्ये लावावी.