बक्षीसपत्र करण्याआधी

धानाची बांधी मुलाच्या नावे करून द्यायची आणि पुढे दोन घासांसाठी त्याच्याच तोंडाकडे पाहायचे, हे आपल्या गडचिरोलीकडेही घडते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23 इथे कामी येते. साठी ओलांडलेल्यांनी सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकते. मात्र तशी अट होती हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. म्हणून अट कागदावर लिहूनच घ्या. पोटच्या पोराशी कसला करार, म्हणून लाजू नका. पोटगीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, वकिलाशिवाय करता येतो. एटापल्लीच्या आडगावातून आजीला जाणे झेपत नसेल, तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तिच्या वतीने अर्ज देऊ शकते. महिला मंडळांनी हे काम अंगावर घ्यावे.