येसर, चिली आणि पाटीवरचे नाव

गेल्या वर्षीच्या पालक मेळाव्यात शाळेच्या पटांगणावर घरगुती पदार्थांची स्पर्धा झाली, हे अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी येसराच्या आमटीची दोन पातेली शेजारी शेजारी आली होती आणि खरी चुरस त्या दोन पातेल्यांतच होती. दोन्ही माउल्या एकाच तालुक्यातल्या. एकीचे म्हणणे, येसरात बाजरी भाजून घातल्याशिवाय त्याला येसर म्हणूच नये. दुसरीचे म्हणणे, बाजरीने आमटी चिकट होते, गहू आणि हरभऱ्याची डाळ पुरे. "अक्का, तुमच्या आमटीला तवंगच नाही," असे एकीने म्हणावे आणि "तवंग तेलाचा असतो ताई, चवीचा नसतो," असे दुसरीने ऐकवावे. दिवसभर हे चालले आणि जेवायला मात्र दोघी एकाच ताटावर बसल्या. परीक्षक म्हणून आम्ही तिघे शिक्षक होतो. तिघेही पुरुष आणि तिघांनीही आयुष्यात कधी येसर भाजलेले नाही. आम्ही निकाल दिला. तो दोघींनाही पटला नाही.

परंतु माझ्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. एका पातेल्यापुढच्या पाटीवर सुवाच्य अक्षरात 'कोल्हापुरी रस्सा' असे लिहिले होते. पाटी त्या माउलीच्या नववीतल्या मुलीने रंगवली होती. मी तिला बाजूला घेऊन विचारले, "बाळ, हे येसर आहे ना?" ती हळूच म्हणाली, "हो सर. पण येसर लिहिलं तर कोण खाणार?"

त्याच सुमारास अमेरिकेतील टेक्सास राज्यात नोकरी करणारा आपला एक माजी विद्यार्थी सुट्टीवर आला होता. त्याच्या कार्यालयात दरवर्षी 'चिली' रांधण्याची स्पर्धा होते. आईने दिलेले येसर दोन चमचे घालून त्यानेही एकदा नशीब आजमावले आणि शेवटून तिसरा आला. "सर, या एका पदार्थावरून तिथली माणसे जेवढी भांडतात, तेवढी निवडणुकीवरूनही भांडत नसतील," असे तो हसत म्हणाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढे निमित्त पुरते. मी त्या पदार्थाचा माग काढू लागलो आणि त्या मुलीच्या पाटीपाशीच परत आलो.

आपल्या वाचकांना 'चिली' म्हणजे नुसती मिरची वाटेल. तिथे तो एका दाट कालवणाचा शब्द आहे. पूर्ण स्पॅनिश नाव 'चिली कॉन कार्ने', म्हणजे मांस घातलेली मिरची. वाळलेल्या लाल मिरच्या भिजवून वाटायच्या, गोमांसाचे लहान तुकडे चरबीत परतायचे, त्यात लसूण, जिरे आणि ओरेगानो नावाचा वाळलेला पाला घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजू द्यायचे. रस्सा पातळ वाटला तर मक्याचे पीठ लावतात. भाजलेल्या धान्याच्या पिठाने आमटीला अंग आणणारे आपले येसर याहून फार लांबचे नाही. जुन्या काळी वाळवलेले मांस, चरबी आणि मिरची एकत्र कुटून त्याच्या वड्या प्रवासात नेत आणि वाटेत पाण्यात उकळून खात, असेही तिथे सांगितले जाते. आपल्या आज्यांच्या घरी दोरीवर वाळणाऱ्या चान्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. आणि मिरची तर मूळची मेक्सिकोकडचीच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली; आपल्याकडे तोवर तिखटपणा होता तो मिरीचा.

चिलीचा मोठा वाद घेवड्याचा. राजमा किंवा तत्सम दाणे घालायचे की नाही, यावर टेक्सासचा कट्टर माणूस ऐकून घेत नाही. तिकडच्या सिनसिनाटी शहरात मॅसिडोनियातून आलेल्या दोन भावांनी १९२२ च्या सुमारास ही चिली दालचिनीसारखे मसाले घालून शेवयांसारख्या स्पॅगेटीवर ओतायला सुरुवात केली, ती परंपराही जोरात आहे. अशा भांडणांत मला काही गैर दिसत नाही. ज्या पदार्थावरून कोणी भांडत नाही, तो पदार्थ संपत आलेला असतो.

तरीही या खेळीमेळीच्या इतिहासाला एक मागची बाजू आहे.

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहराच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया ही चिली विकत असत. दिवसा घरी शिजवायचे, सायंकाळी हातगाडीवर पातेली, बाके आणि कंदील घेऊन चौकात यायचे, लाकडाच्या विस्तवावर रस्सा गरम ठेवायचा. सैनिक, गाडीवान, मजूर, मौजेसाठी आलेले श्रीमंत प्रवासी, सगळे त्यांच्या बाकांवर जेवत. वर्तमानपत्रांनी त्यांना 'चिली क्वीन्स', चिलीच्या राण्या, असे नाव दिले. राणी म्हणायला कोणाला काही खर्च येत नाही. यांपैकी फारच थोड्या जणींची नावे नोंदली गेली; बाकीच्या 'राणी' या एका शब्दात विरून गेल्या. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात 'सॅन अँटोनिओ चिली'चे दुकान लागले आणि पदार्थ देशभर पोहोचला. त्याच दशकात विल्यम गेभार्ट या जर्मन स्थलांतरिताने मिरची, जिरे आणि ओरेगानो यांची तयार पूड बाटल्यांत भरून विकायला काढली. धंदा म्हणून त्यात काही वावगे नव्हते. पण बाटलीवर नाव लागले ते त्याचे.

त्या स्त्रियांना एका चौकातून दुसऱ्या चौकात हलवले जात राहिले आणि शेवटी १९३७ साली शहराच्या आरोग्य खात्याने उपाहारगृहांचे नियम त्यांच्या उघड्या दुकानांना लावले. एका महापौराने त्यांना १९३९ मध्ये परत आणले खरे, परंतु १९४३ पर्यंत ती परंपरा संपली. उघड्यावर धुतलेल्या भांड्यांबद्दलची काळजी सर्वस्वी खोटी होती, असे मी म्हणणार नाही. मात्र स्वच्छतेची आठवण काही ठरावीक हातांचे अन्न पाहूनच आधी का होते, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. शालेय पोषण आहार शिजवणारी बाई अमुक जातीची आहे म्हणून मुलांना जेवू न दिल्याच्या बातम्या आपण या शतकातही वाचतो आहोत.

पुढचा भाग चमत्कारिक आहे. १९६७ साली टर्लिंग्वा या मेक्सिकोच्या सीमेजवळच्या ओसाड गावी एक प्रसिद्ध सामना झाला. पाऱ्याच्या खाणी बंद पडल्यामुळे ते गाव ओस पडले होते, आणि त्या खाणींत राबलेले बहुतेक मजूर मेक्सिकनच होते. न्यूयॉर्ककडच्या एच. ॲलन स्मिथ या विनोदी लेखकाने चिलीबद्दल माझ्याइतके कोणालाच कळत नाही, अशा आशयाचा लेख लिहिला. त्याला उत्तर म्हणून टेक्सासचा पत्रकार विक फाउलर पातेले घेऊन उभा राहिला. दोन परीक्षकांची मते दोघांत वाटली गेली, आणि तिसऱ्याने जीभ कामातून गेल्याचे सोंग करून निकाल पुढल्या वर्षावर ढकलला. प्रसंग गमतीचा आहे, मलाही हसू आले. तेव्हापासून तिथे दर नोव्हेंबरात हजारो माणसे जमतात; आयोजकांत फूट पडून आता दोन स्वतंत्र स्पर्धा भरतात, हे वाचून तर अगदी घरच्यासारखे वाटले. परंतु आरंभीच्या वर्षांत या स्पर्धेत स्त्रियांना उतरू देत नसत. त्यांनी १९७० मध्ये लकेनबाख गावी आपली वेगळी स्पर्धा भरवली, आणि १९७४ मध्ये टर्लिंग्वाला प्रथमच एक स्त्री जिंकली. ज्या पदार्थाच्या 'राण्या' चौकातून उठवल्या गेल्या, त्याच्या स्पर्धेत शिरायला स्त्रियांना झगडावे लागले. १९७७ साली तर टेक्सासच्या विधिमंडळाने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून घोषित केले. पदार्थाला मान मिळाला तो रांधणारीला चौकातून उठवल्यावर तीस-चाळीस वर्षांनी. आणि मेक्सिकोतही तिला माहेर उरले नाही: १९५९ च्या तिथल्या एका शब्दकोशाने मेक्सिकन म्हणून खपवले जाणारे तिरस्करणीय खाणे, अशी तिची संभावना केली.

तिकडची परिस्थिती आणि आपली परिस्थिती एक नव्हे, हे मला कळते. तिथे अन्न दुसऱ्यांनी उचलले. आपले अन्न कोणी उचलले नाही, कारण त्याला कोणी शिवायलाच तयार नव्हते. ते आपणच लपवले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले, तोवर मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकघरावर मराठीत असे पुस्तक नव्हते, हे पुरेसे बोलके आहे. रुचिरांच्या आणि अन्नपूर्णांच्या पानांत आपल्या आया कुठे होत्या?

यावर आपल्यातील एखादा ज्येष्ठ मला आडवेल, आणि त्याचा तो अधिकार आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि शिळेपाके तुकडे सोडा असे सांगितले, ते आपल्या वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन पाळले. मग आता जुन्या चवींचा उमाळा कशाला? माझे उत्तर असे की त्यांनी सोडली ती लाचारी. तेव्हा सोडताना मान वर झाली होती. नववीतल्या मुलीने येसराची पाटी बदलली तेव्हा तिची मान खाली होती. या दोन गोष्टी आपण एका मापाने मोजू नयेत. येसर कोणी भीक म्हणून घातलेले नव्हते. पेरणीच्या दिवसांत भाजी नसलेल्या घरात पाच-सहा धान्ये आणि मूठभर मसाला भाजून वर्षाची बेगमी करण्याचे ते शहाणपण होते आणि त्याचे प्रमाण ज्यांच्या हातात होते त्यांना लिहिता येत नव्हते. माझ्या आईचे प्रमाण तिच्याबरोबर गेले. बाजरी होती की नव्हती, यावर आम्हा भावंडांत आजही एकमत नाही. मी एम.ए.ला मराठेशाहीच्या बखरी वाचत होतो त्या वर्षांत ती हयात होती. तिला विचारावे, हे मला सुचले नाही.

म्हणून यंदाच्या मेळाव्यासाठी मी शाळेकडे तीन सूचना दिल्या आहेत. पाटीवर पदार्थाचे घरात रूढ असलेले नावच लिहावे. त्याखाली तो भाजणाऱ्या, कांडणाऱ्या, रांधणाऱ्या व्यक्तीचे संपूर्ण नाव असावे, 'अमक्याची आई' असे नव्हे. आणि नववी-दहावीच्या मुलामुलींनी प्रत्येक पातेल्याचे प्रमाण विचारून वहीत उतरवावे. ती वही शाळेच्या ग्रंथालयात दप्तर म्हणून राहील. परीक्षक म्हणून आम्ही तिघे पुरुष असणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

सूचना मान्य झाल्या आहेत. ती मुलगी आता दहावीत आहे आणि वहीचे काम तिने मागून घेतले आहे. तिच्या आईने निरोप पाठवला आहे की बाजरी न घालणाऱ्यांना स्पर्धेत घेताना शाळेने विचार करावा. टेक्सासचा आपला विद्यार्थी रजा घेऊन येणार आहे आणि चिलीचे एक पातेले लावणार आहे, बोकडाच्या मटणाचे. राजमा घालणार की नाही, ते मात्र त्याने अजून कळवलेले नाही.